जाहिरातीच्या टेबलावर घडलेला दिग्दर्शक

कोलकात्यातील डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीत एप्रिल १९४३ मध्ये एक उंचपुरा, मितभाषी तरुण कनिष्ठ व्हिज्युअलायझर म्हणून रुजू झाला. त्याचे वय बावीसच्या आत होते आणि पगार होता दरमहा ८० रुपये. जगाने पुढे त्याला ‘पथेर पांचाली’चे दिग्दर्शक सत्यजित राय म्हणून ओळखले. राय यांच्या चित्रपटांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या चित्रपटांच्या आधी त्यांनी जाहिरातीच्या व्यवसायात काढलेली सुमारे तेरा वर्षे मात्र बहुधा एका परिच्छेदात आटोपली जातात. पोटासाठी केलेली नोकरी एवढेच स्थान तिला दिले जाते. वास्तविक राय यांनी चित्रपटाचे कोणतेही रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. पडद्यावर उतरलेली त्यांची शिस्त, रेषेवरची त्यांची हुकमत आणि कमी साधनांत काम निभावण्याची सवय यांचा मोठा भाग त्या कचेरीतच घडला. तो घडवण्यात त्यांच्या वरिष्ठ सहकाऱ्यांचा वाटा मोठा होता.

शाई आणि कागद यांचे संस्कार राय यांच्या घरातच होते. २ मे १९२१ रोजी कोलकात्यात त्यांचा जन्म झाला. आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे लेखक, चित्रकार आणि मुद्रणतज्ज्ञ. भारतात हाफटोन ब्लॉक करण्याच्या तंत्रात त्यांनी मूलभूत काम केले. ‘यू. राय अँड सन्स’ हा छापखाना त्यांनी उभारला आणि १९१३ मध्ये ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. वडील सुकुमार राय इंग्लंडमध्ये मुद्रण आणि छायाचित्रण शिकून आले होते. बंगाली बालसाहित्यात त्यांच्या विक्षिप्त, खेळकर कवितांना आजही तोड नाही. परंतु १९२३ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, सुकुमार यांचे निधन झाले. सत्यजित तेव्हा अडीच वर्षांचेही नव्हते.

त्यानंतर काही वर्षांतच छापखाना बुडाला, गडपारचे घर गेले आणि आई सुप्रभा मुलाला घेऊन भवानीपूरला आपल्या भावाच्या आश्रयास आल्या. विधवाश्रमात शिवणकाम व भरतकाम शिकवून त्यांनी मुलाचे शिक्षण केले. घराण्याचे नाव मोठे आणि हाती पैसा नाही, अशा परिस्थितीत सत्यजित वाढले. नोकरी ही त्यांच्यासाठी हौस नव्हती, गरज होती.

प्रेसिडेन्सी कॉलेजातील पदवीनंतर ते १९४० मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले, ते मुख्यतः आईच्या आग्रहामुळे. व्यावसायिक चित्रकार व्हायचे हे त्यांचे तेव्हाच ठरले होते. जाहिरातींसाठी लागणारे शिक्षण तेथे मिळण्यासारखे नव्हते, पण त्यांना गुरू मोठे भेटले. नंदलाल बोस यांनी झाड कसे काढावे हे शिकवताना कुंचला बुंध्यापासून वर न्यायला सांगितले, कारण झाड जमिनीतून वर वाढते. विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी अधू होती, तरीही त्यांच्या भित्तिचित्रांतील रचना अचूक असे. या गुरूवर राय यांनी पुढे १९७२ मध्ये ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. याच काळात कलाभवनातील मित्रांसह त्यांनी अजिंठा आणि वेरूळची लेणी पाहिली. भारतीय कलेची श्रीमंती त्यांच्या डोळ्यांत भरली ती या प्रवासात. तोवर त्यांचे मन प्रामुख्याने पाश्चात्त्य चित्रांत आणि संगीतात रमलेले होते.

पाच वर्षांचा अभ्यासक्रम अर्धवट सोडून डिसेंबर १९४२ मध्ये ते कोलकात्यास परतले. त्याच सुमारास जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले होते. युद्धाच्या त्या धामधुमीत चारच महिन्यांत त्यांना कीमरमधील जागा मिळाली.

व्हिज्युअलायझर म्हणजे जाहिरातीला दृश्यरूप देणारा माणूस. कॉपीरायटरने लिहिलेला मजकूर, विकायची वस्तू, क्लाएंटची मागणी आणि वर्तमानपत्रातील ठरावीक जागा या चार गोष्टींचा मेळ त्याने घालायचा. चित्र कोठे यावे, अक्षर किती मोठे असावे, डोळा प्रथम कशावर पडावा आणि मग कोठे वळावा, हे सारे ले-आउटमध्येच ठरते. कनिष्ठ माणसाच्या वाट्याला साहजिकच किरकोळ कामे येतात. अक्षरे रेखणे, वरिष्ठाच्या कच्च्या आराखड्यावरून पक्के चित्र करणे, नापसंत झालेला ले-आउट पुन्हा करणे. राय यांची सुरुवातही त्याच पायरीवर झाली.

या कचेरीत कलाविभागाचे नेतृत्व अन्नदा मुन्शी यांच्याकडे होते. भारतीय व्यावसायिक कलेच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्या काळी इंग्रजी कंपन्यांच्या जाहिराती पाहिल्या तर त्या लंडनमध्येच तयार झाल्या असाव्यात असे वाटे. चेहरे, पोशाख, घरातील सामान, सारे परके. मुन्शी यांनी या चौकटीत बंगालची अल्पना, लोककलेतील नक्षी, देशी चेहरे आणि देशी घरे आणली. चहाच्या प्रचारासाठी त्यांनी १९४७ मध्ये केलेले भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे. साहेबाचे पेय म्हणून ज्या चहाकडे राष्ट्रीय चळवळीत संशयाने पाहिले गेले, त्याला मुन्शी यांनी चरख्याच्या शेजारी बसवले आणि संपूर्ण स्वदेशी ठरवले. ओ. सी. गांगुली आणि माखन दत्तगुप्त हे त्यांचे सहकारीही याच वळणाचे होते.

शांतिनिकेतनात जे पाहिले आणि अजिंठ्यात जे जाणवले, ते रोजच्या व्यवहारात कसे उतरवायचे, याचा वस्तुपाठ राय यांना येथे मिळाला. अल्पनेची रेषा मंदिराच्या उंबऱ्यावरून उचलून वर्तमानपत्राच्या दोन कॉलमांत बसवायची, तर काय ठेवायचे आणि काय गाळायचे याची जाण लागते. वरिष्ठांच्या टेबलाशेजारी बसूनच ती येते. हिवतापावरील पॅलुड्रिन या गोळ्यांच्या जाहिरातींसाठी राय यांनी पुढे जी चित्रे काढली, त्यांत मध्यमवर्गीय बंगाली कुटुंब आपल्या घरात जसे वावरते तसेच दिसते. घरातील माणसांकडे पाहण्याची ही नजर त्यांच्या चित्रपटांच्या प्रेक्षकाला ओळखीची वाटेल.

कचेरीतील वातावरण सर्वस्वी सुखाचे मात्र नव्हते. राय यांना वागणूक बरी मिळत असली तरी ब्रिटिश कर्मचाऱ्यांना पगार अधिक होता आणि भारतीयांच्या मनात त्याची सल होती. क्लाएंटांच्या समजशक्तीविषयीही राय यांचे मत फारसे अनुकूल नव्हते. त्यातच ते रुजू झाले ते १९४३ हे वर्ष बंगालच्या भीषण दुष्काळाचे. खेड्यांतून आलेली उपाशी माणसे कोलकात्याच्या फुटपाथवर प्राण सोडत होती आणि त्याच रस्त्यांवरून जाहिरात कंपन्यांचे नोकर कचेरीला जात होते. या दुष्काळावर राय यांनी ‘अशनी संकेत’ हा चित्रपट केला तो १९७३ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी. बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल मिळाले. तरुण वयात जे रोज पाहावे लागले ते मांडण्यासाठी त्यांना इतकी वर्षे जावी लागली.

कीमरमधील दुसरे महत्त्वाचे सहकारी म्हणजे दिलीपकुमार गुप्त. मित्रमंडळींत ते डी. के. म्हणून ओळखले जात. वयाने ते राय यांच्यापेक्षा थोडेच मोठे, पण कंपनीत त्यांचे स्थान बरेच वरचे होते. १९४३ मध्येच त्यांनी ‘सिग्नेट प्रेस’ ही प्रकाशनसंस्था काढली. पुस्तक आतून-बाहेरून देखणे असले पाहिजे, कागद, टाइप, समास, बांधणी यांपैकी कशातही तडजोड नको, हा त्यांचा ध्यास होता. कनिष्ठ पदावरील राय यांचे काम त्यांनी हेरले आणि मुखपृष्ठांची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली.

हा विश्वास मोलाचा ठरला. जाहिरातीत प्रत्येक रेषेवर क्लाएंटची मोहोर उमटावी लागे. सिग्नेटमध्ये राय यांना पूर्ण मोकळीक होती. जवाहरलाल नेहरू यांचा ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ सिग्नेटने १९४६ मध्ये प्रकाशित केला. त्याचे मुखपृष्ठ राय यांचे होते. जीवनानंद दास यांच्या ‘बनलता सेन’लाही त्यांनीच रूप दिले. जिम कॉर्बेट यांच्या कुमाऊंच्या नरभक्षक वाघांवरील पुस्तकासाठी त्यांनी केलेली कल्पना तर विशेष गाजली. पुढच्या बाजूस वाघाच्या कातड्यावर गोळी आत शिरल्याची लहान खूण आणि मागच्या बाजूस ती बाहेर पडल्याचे मोठे भोक. एका दृश्यात अख्खी शिकार सांगण्याचे हे कसब जाहिरातीच्या टेबलावरचेच होते, फक्त येथे विकायचा साबण नव्हता.

याच सिग्नेटमुळे राय यांच्या आयुष्याला वळण मिळाले. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या कादंबरीची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती काढायचे डी. के. यांनी ठरवले. ‘आम आँटिर भेंपू’ हे तिचे नाव. संक्षेप त्यांनी स्वतः केला आणि चित्रांसाठी राय यांना बोलावले. चित्रे काढताना राय कादंबरीत शिरले. अपू, दुर्गा, म्हातारी इंदिर आत्या यांचे चेहरे त्यांनी प्रथम काळ्या-पांढऱ्या चित्रांतून पाहिले. डी. के. पूर्वी सिनेमाविषयक नियतकालिकाचे संपादक होते. या कथेवर उत्तम चित्रपट होईल, हे त्यांनी या तरुण चित्रकाराला सहज बोलून दाखवले. वरिष्ठाने टाकलेला तो शब्द राय यांच्या मनात राहिला.

सिनेमाचे वेड त्यांना आधीपासून होतेच. १९४७ मध्ये चिदानंद दासगुप्त आदी मित्रांबरोबर त्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. फावल्या वेळात ते पटकथा लिहून पाहत. रवींद्रनाथांच्या ‘घरे बाइरे’वर त्यांनी एक पटकथा रचली, निर्मात्याशी करारही झाला. परंतु निर्मात्याने फेरफार सुचवले आणि राय यांनी ते नाकारले. चित्रपट बारगळला. कचेरीत क्लाएंटची दुरुस्ती निमूटपणे करणारा हा माणूस स्वतःच्या लेखनात एक शब्द बदलायला तयार नव्हता. नोकरी आणि कला यांतील रेषा त्याने स्वतःपुरती आखून घेतली होती. मासिक पगार चालू असल्यामुळेच हा नकार देणे त्याला परवडले, हेही ध्यानात घ्यावे लागते.

१९४९ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक जाँ रेन्वार ‘द रिव्हर’ या चित्रपटासाठी जागा पाहण्यास कोलकात्यात आले. राय सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर बंगालच्या खेड्यांतून हिंडले. डबकी, केळीची झाडे, झोपड्या यांकडे एका थोर कलावंताची नजर कशी जाते, हे त्यांना जवळून पाहता आले. ‘पथेर पांचाली’ करण्याचा आपला विचार राय यांनी त्यांना सांगितला आणि रेन्वार यांनी उत्तेजन दिले.

एव्हाना कीमरमध्ये राय यांचे स्थान उंचावले होते. एप्रिल १९५० मध्ये कंपनीने त्यांना लंडनच्या मुख्य कचेरीत कामासाठी पाठवले. हेतू जाहिरातीचे अधिक शिक्षण हा होता. दिवसा कचेरीचे काम आणि उरलेल्या वेळात चित्रपट, असा क्रम त्यांनी ठेवला. तेथील सुमारे सहा महिन्यांत त्यांनी ९९ चित्रपट पाहिले. त्यांत व्हित्तोरिओ द सिका यांचा ‘बायसिकल थीव्ह्‌ज’ होता. खरे रस्ते, नवखी माणसे, थोडे पैसे, एवढ्यावर थोर चित्रपट होऊ शकतो, याची खात्री त्यांना या चित्रपटाने दिली. आगबोटीने परतताना ‘पथेर पांचाली’चा आराखडा त्यांच्या मनात पक्का होऊ लागला होता.

ऑक्टोबर १९५२ मध्ये फुललेल्या काशगवताच्या माळावर चित्रीकरणास प्रारंभ झाला. नोकरी चालू असल्याने सुरुवातीचे काम सुट्टीच्या दिवशीच होई. छायालेखक सुब्रत मित्र २१ वर्षांचे होते आणि त्यांनी पूर्वी कधी चलचित्राचा कॅमेरा चालवला नव्हता. रीतसर लिहिलेली पटकथाही नव्हती. राय यांच्याजवळ होती ती चित्रांची आणि टिपणांची वही. प्रत्येक दृश्य कसे दिसेल, कॅमेरा कोठे असेल, चौकटीत कोण कोठे उभे असेल, हे त्यांनी शाईने रेखाटून ठेवले होते. ही वही घेऊन ते निर्मात्यांकडे जात. कॅम्पेन समजावून देण्यासाठी जाहिरातीतला माणूस ज्या रीतीने ले-आउट घेऊन क्लाएंटपुढे बसतो, तीच ही रीत. व्हिज्युअलायझरचे काम त्यांनी येथे स्वतःसाठी केले. पुढे ही चित्रे पॅरिसच्या सिनेमाटेकला देण्यात आली.

निर्माते मिळाले नाहीत. राय यांनी विमा पॉलिसीवर कर्ज काढले, संग्रहातील ग्रामोफोनच्या ध्वनिमुद्रिका विकल्या. पत्नी विजया यांचे दागिने गहाण पडले. काम महिनोन्‌महिने थांबे. शेवटी मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पश्चिम बंगाल सरकारने पैसा पुरवला. चित्रपटाच्या नावातील रस्ता पाहून तो रस्तेसुधारणेच्या खात्यातून दिला गेला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. मे १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये चित्रपट प्रथम दाखवला गेला.

भारतातील त्याचा पहिला खेळ झाला तो कलकत्त्याच्या ॲडव्हर्टायझिंग क्लबच्या वार्षिक संमेलनात. म्हणजे पहिले प्रेक्षक होते राय यांचे व्यवसायबंधू. ज्यांच्यात ते बारा वर्षे वावरले, त्याच मंडळींनी चित्रपटाचे थंडे स्वागत केले. राय अतिशय निराश झाले. तरीही या प्रसंगी ते जाहिरातीचा धंदा विसरले नाहीत. २६ ऑगस्ट १९५५ रोजी चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वी त्यांनी स्वतः मोठी पोस्टरे तयार केली. धावत जाणाऱ्या अपू आणि दुर्गा यांची निऑन दिव्यांची पाटी शहराच्या गजबजलेल्या भागात त्यांच्याच आराखड्यानुसार लागली. आरंभी प्रेक्षक कमी होते. आठवड्या-दोन आठवड्यांत चित्रपटगृह भरू लागले. १९५६ मध्ये कान महोत्सवात चित्रपटाला विशेष पुरस्कार मिळाला.

‘अपराजितो’ करायचे ठरल्यानंतर, १९५६ च्या सुमारास, राय यांनी नोकरी सोडली. घर चालवण्याची जबाबदारी होती, मुलगा संदीप लहान होता आणि चित्रपटांवर पोट भरेल याची खात्री नव्हती. पस्तिसाव्या वर्षी, वडिलांनी जग सोडले त्या वयात, हा निर्णय घेणे सोपे नव्हते. ‘अपराजितो’ला १९५७ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळाला आणि मग त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

जाहिरातीतून बाहेर पडले तरी तेथे शिकलेले त्यांनी शेवटपर्यंत वापरले. आपल्या चित्रपटांची पोस्टरे, श्रेयनामावली आणि वेशभूषेची रेखाटने ते स्वतः करीत. ‘एक्षण’ या नियतकालिकाच्या मुखपृष्ठांवर त्याच तीन अक्षरांना त्यांनी दर वेळी नवे रूप दिले. १९६१ मध्ये आजोबांचा ‘संदेश’ पुन्हा सुरू केला, तेव्हा चित्रे आणि सजावट यांचा भार त्यांनीच उचलला. त्यांनी घडवलेल्या ‘राय रोमन’ आणि ‘राय बिझार’ या रोमन अक्षरवळणांना १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या ‘सीमाबद्ध’ चित्रपटात पंखे बनवणाऱ्या कंपनीतील एक हुशार सेल्स मॅनेजर बढतीसाठी सचोटी गमावतो. त्या जगातील भाषा, कॉकटेल पार्ट्या आणि वरिष्ठांपुढची लाचारी यांचे चित्रण इतके नेमके आहे की, ते आतून पाहिलेल्या माणसालाच जमावे.

पुढे राय स्वतः अनेकांचे वरिष्ठ झाले. सुब्रत मित्र, कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त, संकलक दुलाल दत्त यांना त्यांनी सुरुवातीपासून जबाबदारी दिली आणि त्या बळावर हे सहकारी आपापल्या क्षेत्रात मोठे झाले. नवख्या माणसाचे काम पाहून त्याच्यावर मोठे काम सोपवण्याची ही पद्धत डी. के. गुप्त यांनी त्यांच्या बाबतीत वापरली होती. २३ एप्रिल १९९२ रोजी राय यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना ऑस्करचा सन्मान आणि भारतरत्न मिळाले होते.

अन्नदा मुन्शी आणि डी. के. गुप्त यांची नावे आज बंगालबाहेर फारशी कोणाला ठाऊक नाहीत. जाहिरातीखाली चित्रकाराचे नाव छापण्याची प्रथा नसते आणि प्रकाशकाचे नाव वाचक विसरतो. परंतु ८० रुपयांवर आलेल्या एका कनिष्ठाला एकाने देशी रेषेचा मान शिकवला आणि दुसऱ्याने हाती पुस्तक देऊन चित्रे काढायला बसवले. नवोदिताच्या अंगी गुण असावे लागतात हे खरे, पण ते ओळखणारा कोणी शेजारच्या टेबलावर असावा लागतो. राय यांना तो त्यांच्या पहिल्याच कचेरीत भेटला.